रॉयल इंडियन नेव्हीची घरातली कागदपत्रं: पेटी उघडण्यापासून सार्वजनिक करण्यापर्यंत

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमाने होतं. पेटी उघडली की आधी मोबाइल बाहेर येतो, मग सुट्टे फोटो काढले जातात, व्हॉट्सअॅपवर जातात, आणि कागद ‘नीट लावून’ परत ठेवले जातात. सहा महिन्यांनी प्रतिमा असतात, पण कोणता कागद कोणाचा, कोणत्या पाकिटातला, कोणत्या फोटोबरोबर ठेवलेला, हे सांगता येत नाही. या मार्गदर्शकात स्कॅनिंग सहाव्या टप्प्यावर येतं, ते त्यामुळेच.

पुढचं सगळं साधारण दोनशे ते तीनशे कागद आणि पन्नासेक फोटो असलेली एक पेटी समोर धरून लिहिलं आहे. रत्नागिरी जिल्हा हा जुन्या मरीनचा (नेव्हीच्या आधीच्या दलाचा) आणि नंतर रॉयल इंडियन नेव्हीचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारताच्या नौदलाचा, भरतीचा मुलूख. गोव्यातून आचारी आणि स्टुअर्ड गेले. अशा घरांत सर्व्हिस सर्टिफिकेट, पगारपुस्तक, बॅचचे ग्रुप फोटो, पत्रं, पदकं आणि क्वचित एखादी सिग्नलची वही सापडते. संस्थेच्या संग्रहालाही क्रम हाच, फक्त आकडे मोठे.

## टप्पा १: वेळ, जागा, सामान

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८०–९० टक्क्यांवर असते आणि ६५ टक्क्यांच्या वर बुरशी जोर धरते. जुलैत पेटी उघडून चार दिवस टेबलावर कागद पसरले तर आपण होऊन बुरशीला आमंत्रण दिल्यासारखं आहे.

खोलीत पंखा असेल, पण कागदावर थेट वारा नको. थेट ऊन नको. टेबलावर चहा, पाणी, तेलाचा डबा काही नको. टेबलावर धुतलेली, खळ काढलेली पांढरी चादर अंथरा म्हणजे सुटलेला तुकडा लगेच दिसतो.

सामान असं:

- मऊ केसांचे दोन ब्रश, एक कागदांसाठी आणि एक फक्त फोटोंसाठी
- २बी पेन्सिली, पेन खोलीबाहेर
- खळ काढलेलं मांजरपाट, ५ मीटर
- आम्लरहित कागदाची ए४ आणि ए३ पाकिटं, मिळून शंभर
- टीपकागदाचे ५० ताव
- पातळ प्लास्टिकचा किंवा बांबूचा चपटा चमचा
- एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे
- सिलिका जेल अर्धा किलो आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ

हातमोजे फोटो, निगेटिव्ह आणि पदकांपुरते. कागद हाताळताना साबणाने धुतलेले, पूर्ण कोरडे हात बरे. मोज्यांमुळे बोटांना कडा कळत नाही आणि कागद फाटतो.

सावधान: डांबरगोळ्या आत टाकू नका. त्यांची वाफ फोटोंना आणि प्लास्टिकला चांगली नाही, माणसाच्या फुप्फुसालाही नाही, आणि ओलावा तसाच राहतो. कसर आणि वाळवी ओलाव्यामागेच येतात.

## टप्पा २: पेटी उघडा, क्रम मोडू नका

कागद ज्या क्रमाने ठेवले आहेत तो क्रम हाही पुरावा आहे. पगारपुस्तकात घडी करून ठेवलेलं पत्र त्या पुस्तकाच्या मालकाला आलेलं असण्याची शक्यता मोठी. ते ‘पत्रं’ नावाच्या गठ्ठ्यात गेलं की हा दुवा संपला, कारण पाकीट नसेल तर पत्रावर कोणाचं आडनाव असेलच असं नाही.

१. झाकण उघडल्यावर वरून एक फोटो काढा. पेटीवर रंगाने लिहिलेलं नाव, नंबर, गाव असेल तर त्याचाही. अनेकदा खलाशाचा अधिकृत नंबर फक्त पेटीवर उरलेला असतो.

२. वरच्या थरापासून एकेक वस्तू उचला. प्रत्येक थराचा फोटो.

३. प्रत्येक पाकीट, बासन (कापडात बांधलेला गठ्ठा), वही ही एक वस्तू. तिला ००१ पासून नंबर. नंबर पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. फोटोच्या पाठीवर लिहू नका, त्याच्या पाकिटावर लिहा.

४. पाकिटात सहा कागद असतील तर ते ०१४-१ ते ०१४-६. त्यांच्यातला क्रम सापडला तसा.

पुढे विषयवार किंवा तारीखवार लावायचे असतील तर ते यादीत लावा. कागद हलवायची गरज नसते.

तपासा: शेवटचा नंबर आणि थरांच्या फोटोंत दिसणाऱ्या वस्तू जुळतात का? पेटीच्या तळाला लावलेलं वर्तमानपत्र फेकलं तर नाही ना? त्यावरची तारीख पेटी शेवटची कधी भरली ते सांगते.

## टप्पा ३: आजारी कागद बाजूला काढा

बुरशी. पांढरी, हिरवी किंवा काळी भुकटी दिसली की ती वस्तू सैल कागदी पाकिटात वेगळ्या खोलीत. आधी सावलीत, हलत्या हवेत पूर्ण कोरडी होऊ द्या. बुरशी ओली असताना ब्रश फिरवला तर ती तंतूंत घुसते. कोरडी झाल्यावर मास्क लावून, उघड्यावर, मधून कडेकडे ब्रश फिरवा.

कीड. जिवंत कसर किंवा अळी दिसली तर कागदाची वस्तू दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थेट कागदावर जमतं. फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि पदकं यांना हा उपाय नाही.

पिना आणि क्लिपा. गंजलेल्या स्टेपलचे पाय मागून चपट्या चमच्याने सरळ करून वर ढकला. स्टेपल काढायचा चिमटा कागदाचा तुकडा घेऊन येतो. टाचणी गंजून कागदात रुतली असेल तर तशीच राहू द्या.

चिकटपट्टी. ओढू नका. पिवळी पडलेली पट्टी अक्षरांसकट सुटते.

घड्या. इस्त्री नाही. उलगडताना कडकड आवाज येत नसेल तर टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर दोन-तीन किलो वजन, दोन दिवस. आवाज येत असेल तर घडीसकट ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. फोटोंवर वजन ठेवायचं नाही.

शाई. जुनी शाई तपकिरी पडून अक्षरांच्या जागी कागद खाते, आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल पाण्याचा थेंब लागला की पसरते. कोणत्याही डागावर ओला बोळा फिरवू नका, थुंकी लावलेलं बोट तर नकोच नको.

काचेला चिकटलेला फोटो. फ्रेममधून ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा.

निगेटिव्ह. १९५० च्या आधीच्या फिल्ममध्ये नायट्रेटची फिल्म असू शकते. ती झपाट्याने पेट घेते. कडेला ‘सेफ्टी’ छापलं नसेल, फिल्म पिवळी, चिकट झाली असेल आणि उग्र वास येत असेल तर ती घरातून बाहेर, थंड आणि हवेशीर जागी ठेवा आणि तज्ज्ञाला विचारा. व्हिनेगरचा वास आला तर फिल्म अॅसिटेटची आहे. पेटणार नाही, पण आक्रसत चालली आहे, म्हणून स्कॅनिंगमध्ये तिचा नंबर पहिला.

सावधान: लॅमिनेशन. झेरॉक्सच्या दुकानात सर्व्हिस सर्टिफिकेट ‘टिकावं म्हणून’ लॅमिनेट करून आणणं हा या कामातला सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत महाग गुन्हा. उष्णतेने गोंद कागदात मुरतो आणि परत निघत नाही. आधीच केलेलं असेल तर आहे तसं स्कॅन करा, कापून उघडू नका.

## टप्पा ४: हाती काय आहे ते ओळखा

चुकीची माहिती जन्माला येते ती याच टप्प्यावर, म्हणून इथे घाई नको.

### दलाचं नाव आणि काळ

एकाच परंपरेतल्या दलाची नावं बदलत गेली. १८३० ते १८६३ ‘इंडियन नेव्ही’, १८६३ पासून ‘बॉम्बे मरीन’, १८७७ पासून ‘हर मॅजेस्टीज इंडियन मरीन’, १८९२ पासून ‘रॉयल इंडियन मरीन’, २ ऑक्टोबर १९३४ पासून ‘रॉयल इंडियन नेव्ही’, आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. म्हणजे ‘इंडियन नेव्ही’ छापलेला कागद १८५० चाही असू शकतो आणि १९५५ चाही. शिक्का, मुकुट आणि कागद पाहून ठरवा.

जहाजाच्या नावाआधीची अक्षरं तारीख नसलेल्या कागदाला काळ देतात. ‘आर.आय.एम.एस.’ (रॉयल इंडियन मरीन शिप) म्हणजे १९३४ च्या आधीचं. ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) म्हणजे १९३४ ते जानेवारी १९५०. ‘आय.एन.एस.’ त्यानंतरचं. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही अडीच वर्षं ‘एच.एम.आय.एस.’ चालू होतं, त्यामुळे एवढ्यावरून कागद स्वातंत्र्यापूर्वीचा ठरवू नका.

ग्रुप फोटोत टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव नसून नुसतं ‘एच.एम.आय.एस.’ असेल तर फोटो युद्धकाळातला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा जहाजाचं नाव गुप्त ठेवलं जाई.

### जहाज की बरॅक?

सर्वांत जास्त होणारी चूक ही. सर्टिफिकेटवर ‘एच.एम.आय.एस. तलवार’ दिसलं की घरचे सांगतात, आजोबा तलवार नावाच्या युद्धनौकेवर होते. तलवार हे कुलाब्याचं सिग्नल प्रशिक्षण केंद्र होतं, पाण्यावर नव्हतंच. ब्रिटिश आरमारी रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजाचं नाव देत. डलहौसी हे मुंबईतलं डेपो-ठाणं, अकबर ठाण्याजवळ कोलशेतला, शिवाजी लोणावळ्याला, मच्छलीमार ही पाणबुडीविरोधी प्रशिक्षण शाळा, बहादूर, दिलावर आणि हिमालय ही तीन कराचीला, व्हेंदुरुथी कोचीनला, सिरकार्स विशाखापट्टणमला. पुढे ‘तलवार’ नावाच्या खऱ्या युद्धनौकाही झाल्या. नाव शोधून त्यांचा फोटो आजोबांच्या माहितीखाली लावलेला सर्रास दिसतो.

खरोखरच्या जहाजांची नावंही बदलली. जम्ना, किस्त्ना आणि कॉव्हरी १९५० नंतर जमुना, कृष्णा आणि कावेरी झाली. फाळणीत पाकिस्तानकडे गेलेल्या नर्बदाचं झेलम आणि गोदावरीचं सिंध झालं. यादीत कागदावरचं नाव जसंच्या तसं, आणि शेजारच्या रकान्यात नंतरचं नाव.

### गाव आणि जिल्हा

‘जिल्हा रत्नागिरी’ वाचून माणूस आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात शोधू नका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले सगळं कागदावर रत्नागिरीच. सावंतवाडी आणि जंजिरा संस्थानं होती, ती वेगळी लिहिलेली असतील. ‘कोलाबा’ आलं तर ते मुंबईचं कुलाबा की आजचा रायगड, हे रकाना पाहून ठरवा: जन्मस्थळाच्या रकान्यात बहुधा जिल्हा, नेमणुकीच्या रकान्यात बहुधा मुंबई. गोवेकरांच्या कागदांवर ‘पोर्तुगीज’ ही राष्ट्रीयता असते, ती चूक समजून खोडू नका.

नावांचं इंग्रजी स्पेलिंग भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. एकच माणूस तीन कागदांवर तीन स्पेलिंगनी सापडतो. माणूस एकच आहे याची खूण म्हणजे अधिकृत नंबर. आडनाव, वडिलांचं नाव, गाव हे सगळं त्यानंतर.

### संक्षेप

ब्रिटिश आरमारी पद्धतीच्या हजेरीपटात ‘डी’ म्हणजे मेला असं नाही. त्याला त्या जहाजावरून कमी केलं किंवा दुसरीकडे पाठवलं. मृत्यूसाठी ‘डी.डी.’. ‘आर’ म्हणजे पळून गेला. एका अक्षराच्या गैरसमजाने जिवंत परतलेल्या माणसाला वंशावळीत समुद्रात बुडवलेलं पाहायला मिळतं. वर्तणुकीच्या रकान्यातलं ‘व्ही.जी.’ म्हणजे ‘फार चांगली’. ‘टोपास’ हा सफाईचं काम करणारा, ‘भंडारी’ हा स्वयंपाकी; ‘भंडारी’ हुद्द्याच्या रकान्यात असेल तर ती जात म्हणून नोंदवू नका.

### १९४६

१८ ते २३ फेब्रुवारी १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावात तलवारपासून अनेक जहाजं आणि ठाणी सामील झाली. पण महायुद्ध संपल्यामुळे त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर सैनिक कमीही केले जात होते. १९४६ मध्ये नोकरी संपली एवढ्यावरून माणूस उठावात होता असं लिहू नका. त्यासाठी नाव असलेला आदेश, अटकेची नोंद किंवा तेव्हाचं पत्र हवं. घरात सांगत आलेली गोष्ट असेल तर ती ‘कुटुंबाने सांगितलेलं’ या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नात्यासह आणि तारखेसह लिहा. ती टाकून द्यायची नाही, कागदाशी मिसळायचीही नाही.

तपासा: प्रत्येक ओळखीपुढे तीनपैकी एक खूण करा: कागदावर लिहिलेलं, अनुमान, ऐकीव.

## टप्पा ५: यादी

स्कॅन करण्याआधी यादी, कारण फाइलचं नाव यादीतून येतं. साध्या स्प्रेडशीटमध्ये दहा रकाने पुरतात: वस्तू-क्रमांक, प्रकार, कागदावरची तारीख, ठरवलेली तारीख, व्यक्ती आणि अधिकृत नंबर, जहाज किंवा ठाणं, पानांची संख्या, अवस्था, सापडल्याची जागा, कोणाला दाखवायचं.

तारीख वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहा, १९४६-०२-१८ अशी, म्हणजे यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. दिवस माहीत नसेल तर १९४६-०२ एवढंच. पोकळी भरण्यासाठी ०१ टाकू नका.

घरातल्या वडीलधाऱ्यांना याच टप्प्यावर बसवा. ग्रुप फोटोची छापील प्रत, त्यावर पारदर्शक कागद, चेहऱ्यांना आकडे आणि वेगळ्या कागदावर नावं. दोन जणांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र विचारलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव फोटोत चिकटतं.

## टप्पा ६: स्कॅनिंग

सुट्टे कागद. फ्लॅटबेड स्कॅनर, ४०० डीपीआय (इंचाला चारशे ठिपके), २४-बिट रंगीत, टिफ फाइल. ए४ पान साधारण ४६ एमबीचं होतं. तीनशे पानांना दोन्ही बाजू धरून सुमारे २८ जीबी. कृष्णधवल दिसणारा कागदही रंगीतच करा, नाहीतर लाल शेरा आणि निळी सही एकाच करड्या रंगात जातात. कागद आपोआप ओढणारा फीडर जुन्या कागदाला कधीही नाही.

फोटो. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. निगेटिव्हला २४०० किंवा जास्त, आणि पारदर्शी फिल्मचा दिवा असलेल्याच स्कॅनरवर.

बांधलेल्या वह्या. सिग्नलची वही किंवा लॉगबुक (जहाजाची रोजनिशी) काचेवर उपडी दाबू नका, पाठ तुटते. वही उशांच्या आधाराने ९० ते १२० अंश उघडी ठेवा, वर स्टँडवर कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, फ्लॅश बंद. आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी. नंतर क्रम लावता येतो.

अल्बम. काळ्या पानांवर चिकटवलेले फोटो सोडवू नका. आधी पूर्ण पान, मग पानावरच एकेक फोटो.

मोबाइल वापरायचाच असेल तर: मुख्य लेन्स, झूम नाही, फोन कागदाला समांतर आणि स्टँडवर. १२ मेगापिक्सेलच्या फोनने ए४ पान चौकट भरून घेतलं तर सुमारे ३४० डीपीआय मिळतात, वाचायला पुरेसे. स्कॅन करणाऱ्या अॅपचं ‘सुधारलेलं’ रूप मात्र बंद करा. ते कागद पांढराशुभ्र करताना पेन्सिलीची टिपणं, फिकट शिक्के आणि पाणछाप पुसून टाकतं.

प्रत्येक वस्तूच्या पहिल्या प्रतिमेत कडेला मोजपट्टी ठेवा. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या. स्टुडिओचा शिक्का आणि सेन्सॉरची खूण मागेच असते. मूळ प्रतिमा कापायची नाही, सरळ करायची नाही, उजळायची नाही. ते सगळं प्रतीवर.

फाइलचं नाव: संग्रह, वस्तू, पान, बाजू. उदाहरणार्थ ‘मालवण-०१४-०३-मागे’. प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. देवनागरी नावं काही जुन्या यंत्रणांत झिप उघडताना चौकोन होतात.

तपासा: दर वीस पानांनी थांबून शेवटची प्रतिमा शंभर टक्के आकारात उघडा. सर्वांत बारीक अक्षर वाचता येतंय? चारही कडा आहेत? यादीतली पानसंख्या आणि फाइलसंख्या जुळते? शेवटी एकदम तपासलं तर तिसऱ्या दिवशीच्या काचेवरचा केस दोनशे प्रतिमांवर सापडतो.

## टप्पा ७: वाचून उतरवणं

जसं आहे तसं उतरवा, चुकांसकट. न लागलेला शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह. संक्षेप उलगडायचा असेल तर तोही चौकोनी कंसात. मोडीत लिहिलेली घरची पत्रं मोडी वाचणाऱ्याकडूनच वाचून घ्या. अंदाजाने लावलेलं मोडी कोऱ्या पानापेक्षा वाईट.

लॉगमधल्या वेळा बदलू नका. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि प्रमाणवेळ आल्यानंतरही शहरात बरीच वर्षं वापरात होती. महायुद्धात घड्याळं एक तास पुढे नेली होती. समुद्रात आणखी वेगळा हिशेब. पहारे चार-चार तासांचे, फक्त दुपारी ४ ते रात्री ८ चे दोन-दोन तासांचे दोन तुकडे. रूपांतर करायचं तर वेगळ्या रकान्यात.

## टप्पा ८: मूळ कागद आणि फाइली ठेवणं

कागद आम्लरहित पाकिटांत, पाकिटं वस्तू-क्रमाने उभी, आणि गठ्ठा मांजरपाटाच्या बासनात. किनारपट्टीवर हवाबंद प्लास्टिकचा डबा टाळा, आतला ओलावा आतच राहतो. कापड श्वास घेतं. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून वीतभर वर. सिलिका जेल आर्द्रतेचा आकडा ६० च्या वर गेला की तापवून बदला. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं, ज्यांना नव्या रेनकोटसारखा वास येतो, ती फोटोंना चिकटतात.

पदकांना पॉलिश लावू नका. भारतीयांना दिलेल्या पदकांवर कडेला किंवा मागे नाव आणि नंबर ठोकलेला असतो. दर दिवाळीला घासून तो पुसट होतो, आणि कित्येकदा अधिकृत नंबराचा तोच एकमेव पुरावा असतो.

फाइलींच्या तीन प्रती: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. पेनड्राइव्ह वाहतुकीसाठी, साठवणीसाठी नाही. सगळ्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का ते दाखवणारे आकडे) काढून यादीबरोबर ठेवा आणि वर्षातून एकदा हार्डडिस्क जोडून ते जुळवून पाहा.

## टप्पा ९: सरकारी दप्तराशी जोडणी

घरचा कागद अर्धीच गोष्ट सांगतो. हाती अधिकृत नंबर आल्यावर पुढे शोधा.

- ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई: खलाशांच्या सेवा-नोंदींसाठी नौदलाचं कार्यालय. अर्जात अधिकृत नंबर, कागदावरचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, गाव, भरतीची तारीख आणि आपलं नातं सिद्ध करणारा कागद हवा. ‘आजोबा नेव्हीत होते, माहिती द्यावी’ एवढ्या अर्जाने काही हलत नाही.
- राष्ट्रीय अभिलेखागार, नवी दिल्ली: ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर आधी शोधा. खलाशाच्या नावाने क्वचितच काही सापडतं. जहाज, ठाणं, वर्ष आणि खातं यांनी शोधा.
- महाराष्ट्र पुराभिलेख, मुंबई: एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत मुंबई सरकारच्या मरीन खात्याची जुनी दप्तरं आहेत. एकोणिसाव्या शतकासाठी हे पहिलं दार.
- ब्रिटिश लायब्ररी, लंडन: इंडिया ऑफिसच्या नोंदींत ‘एल/एम.ए.आर.’ ही मरीनची मालिका. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाला संदर्भ-क्रमांक देऊनच पाठवा.
- राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोग: युद्धात मृत्यू झाला असेल तर त्यांच्या यादीत नाव शोधणं मोफत आहे. समुद्रात गेलेल्यांच्या नावांचं पुस्तक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्याची जोडप्रत चितगावला.

## टप्पा १०: इतरांना देणं

यादीतला शेवटचा रकाना, ‘कोणाला दाखवायचं’, आता भरा: सर्वांना, मागितल्यास, किंवा बंद. सर्व्हिसच्या कागदांत शिक्षा, गुप्तरोग, कर्ज, जात असं सगळं असतं. उठावाच्या चौकशीच्या कागदात कोणी कोणाचं नाव घेतलं तेही असतं, आणि दोन्ही घरं आज एकाच गावात असू शकतात. असा कागद जाळायचा नाही. बंद ठेवून त्यावर उघडण्याचं वर्ष लिहायचं.

पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. आजोबांनी लिहिलेलं पत्र आणि आजोबांना आलेलं पत्र यांत फरक करा. दुसऱ्यासाठी परवानगी त्या घरची.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर प्रतिमा आवळली जाते. सार्वजनिक ठिकाणी टाकताना प्रत्येक प्रतिमेबरोबर वस्तू-क्रमांक, ओळखीची खूण (लिहिलेलं, अनुमान, ऐकीव) आणि वापराची अट द्या. अक्षरांवरून आडवा वॉटरमार्क मारू नका. चोराला तो काढता येतो, अभ्यासकाला खालचं वाचता येत नाही.

मूळ कागद संस्थेला द्यायचे असतील तर आधी लेखी करार: देणगी की ठेव, कुटुंबाला प्रती मिळतील का, कोणते कागद किती वर्षं बंद, संस्था बंद पडली तर कागद कोणाकडे. बरोबर यादी जोडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. ‘बघून परत देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही, तो कितीही मोठा अभ्यासक असो, पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

परदेशातल्या मुलाकडे मूळ कागद कुरिअर करण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षं किंवा अधिक जुने, ऐतिहासिक महत्त्वाचे दस्तऐवज पुरावशेष ठरतात आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९४६ चे कागद त्या वयाचे झाले आहेत. त्याला टिफ फाइली, यादी आणि चेकसम पाठवा. पेटी इथेच राहू द्या.